लाल डोळा आणि डोक्यातली गिरणी

वाचकहो, तुमच्या घरात साठी ओलांडलेले कोणी असेल आणि त्यांचा एकच डोळा दोन आठवडे उलटूनही लालच राहिला असेल, तर हा लेख त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मी राजगुरुनगरात गेली २६ वर्षे दवाखाना चालवतो. मी नेत्रतज्ज्ञ नाही, मेंदूविकारतज्ज्ञही नाही. साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. तरीही डोळ्यामागील रक्तवाहिन्यांच्या एका दुर्मीळ विकारावर लिहायला बसलो आहे. कारण तो विकार सात आठवडे माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसत होता आणि मला तो दिसला नाही. तो पकडला एका सुनेने. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझी चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

जुलै २०२३ मध्ये आपल्या खेड तालुक्यातील आळंदीत डोळे येण्याची साथ उसळली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. सकाळच्या बाह्यरुग्णांत निम्मे लाल डोळ्यांचेच असत. अधिक श्रावण चालू होता. भीमेच्या वरच्या अंगाच्या एका गावातून माझ्या एक जुन्या रुग्ण आल्या. वय ६८, रक्तदाबाचा त्रास दहा वर्षांचा. त्यांना मी मावशी म्हणतो. धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई येऊन गेले होते, नातवंडांपैकी एकाचे डोळे आलेले होते आणि आता मावशींचा उजवा डोळा लाल झाला होता. निदान करायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. थेंब लिहून दिले, स्वतंत्र रुमाल वापरायला सांगितला आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. साथ ओसरू लागली होती, नातू केव्हाच बरा होऊन शाळेत जाऊ लागला होता. मावशींचा डोळा मात्र तसाच होता. पापणी किंचित सुजलेली. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, डोक्यात गिरणी चालू हाय. रातचं तर लईच." मी रक्तदाब मोजला, तो थोडा वाढलेला होता. "वय झालं की कानात असे आवाज येतात, मावशी," असे म्हणून मी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि थेंब बदलले. त्यांनी पुढे काही म्हटले नाही. आज मला त्या लाल डोळ्यापेक्षा त्यांचे ते गप्प बसणे अधिक आठवते.

गणपती चार दिवसांवर आले असताना त्या तिसऱ्यांदा आल्या. या वेळी सोबत सून होती. चाकणच्या एका कारखान्यात ती पाळीवर काम करते. त्या दिवशी तिची सुट्टी होती. तिने सांगितलेले मी जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो. "सर, परवा दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी आले, तर आई जाग्याच होत्या. खाटेच्या गजावर बोट वाजवत होत्या. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाल्या, गिरणी अशी वाजतीय बघ. मी सहज त्यांचा हात धरला. सर, नाडीचा आणि बोटाचा ठेका एकच होता." थोडे थांबून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मावशींना चार दिवसांपासून एकाचे दोन दिसत होते. चहाची कपबशी घ्यायला जात तेव्हा हात बाजूला पडत असे.

मी उठून पंखा बंद केला आणि दार लावून घेतले. मावशींना दोन्ही डोळे मिटायला सांगून उजव्या पापणीवर स्टेथोस्कोप अलगद टेकवला. इतक्या वर्षांत स्टेथोस्कोप छातीवर, पाठीवर, पोटावर ठेवला. डोळ्यावर ठेवायची वेळ कधी आली नव्हती. आत स्पष्ट आवाज होता. शूऽऽ, शूऽऽ, शूऽऽ. प्रत्येक ठोक्याबरोबर एकदा. मावशींची गिरणी खरी होती आणि ती मलाही ऐकू येत होती.

पाइप आणि पाट

मावशींना आणि सुनेला मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढून जे समजावले, तेच तुम्हाला सांगतो. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे धमन्या. त्यांच्यात दाब असतो. रक्त परत आणणाऱ्या त्या शिरा. त्यांच्यात प्रवाह संथ असतो. नदीवरच्या मोटारीचा पाइप आणि शेतातला पाट यांत जो फरक, तोच येथे. मेंदूला रक्त पुरवणारी एक मोठी धमनी, अंतर्गत कॅरोटिड, मानेतून वर चढते आणि कवटीत शिरल्यावर डोळ्याच्या खोबणीमागे असलेल्या शिरांच्या एका कप्प्यातून आरपार जाते. या कप्प्याला कॅव्हर्नस सायनस म्हणतात. म्हणजे दाबाचा पाइप येथे चक्क पाटाच्या पोटातून गेलेला आहे. डोळा हलवणारे तीन मज्जातंतूही याच कप्प्यातून किंवा त्याच्या भिंतीतून जातात, आणि डोळ्यातील रक्त परत नेणाऱ्या शिरा याच कप्प्याला येऊन मिळतात.

आता पाइपाला, किंवा पाइपाच्या एखाद्या बारीक फाट्याला, पाटातच भोक पडले तर काय होईल? पाणी जोराने पाटात घुसेल, पाट तुंबेल आणि ते उलटे वर चढू लागेल. धमनी आणि शीर यांच्यातील या अनैसर्गिक जोडणीला कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला म्हणतात. उलटे चढलेले रक्त डोळ्याच्या शिरांत साठते म्हणून डोळा लाल होतो, सुजतो, पुढे येतो. डोळ्यातील दाब वाढतो आणि काचबिंदूप्रमाणे दृष्टीचा मज्जातंतू दबू लागतो. डोळा हलवणाऱ्या मज्जातंतूंवर ताण आला की एकाचे दोन दिसतात. आणि भोकातून उसळणाऱ्या प्रवाहाचा आवाज रुग्णाला नाडीच्या ठेक्यात ऐकू येतो.

१९८५ मध्ये बॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे चार प्रकार पाडले. डॉक्टर आजही तेच वापरतात, पण घरच्यांना त्यातील एकच भेद ठाऊक असला तरी पुरे. पहिल्या प्रकारात मुख्य धमनीच फाटते. हे बहुधा डोक्याला जोराचा मार बसल्यावर, तरुण माणसांत घडते. उरलेल्या तीन प्रकारांत मेंदूच्या आवरणाला रक्त देणारे बारीक फाटे त्या कप्प्याशी जोडले जातात. प्रवाह कमी, सुरुवात हळू, आणि अपघाताचा काहीच इतिहास नाही. हे प्रामुख्याने पाळी थांबलेल्या, वयस्कर स्त्रियांत आढळते. मावशींचा प्रकार हा होता. सुरुवात हळू असल्यामुळेच हा विकार डोळे येणे, ॲलर्जी किंवा थायरॉइडमुळे येणारी डोळ्यांची सूज समजला जातो.

पहिल्या प्रकाराविषयी आपल्या भागासाठी दोन शब्द. पुणे–नाशिक महामार्गावर पाळी सुटताना दुचाकींची काय गर्दी असते ते तुम्ही पाहता. अपघातात डोक्याला मार बसलेला मुलगा घरी परत आला, जखमा भरल्या, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्याचा डोळा लाल होऊन पुढे येऊ लागला, डोक्यात आवाज येऊ लागला, तर "मार लागला होता, उतरेल सूज" असे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असतो की नाही, ते घरातील वडीलधाऱ्यांनीच पाहावे.

"या वयात कशाला?"

दुसऱ्याच दिवशी मावशी नेत्रतज्ज्ञांकडे गेल्या. त्यांच्या उजव्या डोळ्यातील दाब ३४ निघाला. सर्वसाधारणपणे तो १० ते २१ असतो. तेथून पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात एमआरआय झाला आणि संशय बळावला. पक्के निदान मात्र डीएसए या तपासणीने होते. जांघेतील धमनीतून एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, वर नेऊन त्यातून डाय सोडतात आणि रक्त कोठून कोठे वाहते याचा क्ष-किरणांनी चलत्पट घेतात. मावशींच्या बाबतीत त्यात दोन गोष्टी दिसल्या. डोळ्याकडे रक्त उलटे वाहत होते, आणि थोडे मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरांतही शिरत होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती, कारण अशा तुंबलेल्या शिरेतून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

त्या रात्री मावशींच्या मुलाचा मला फोन आला. "डॉक्टर, मेंदूपर्यंत नळी घालणार म्हणतात. या वयात कशाला? डोळ्याचंच दुखणं आहे ना?" वाचकहो, हा प्रश्न विचारणारा मुलगा निष्काळजी नव्हता; तो घाबरलेला होता. तुमच्यावर ही वेळ आली तर उत्तर ठाऊक असावे म्हणून मी त्याला दिलेले उत्तर येथे लिहितो.

प्रत्येक फिस्टुलाला लगेच उपचार लागत नाही. कमी प्रवाहाचे, आवरणाच्या फाट्यांतून झालेले काही फिस्टुला आपोआप बंद होतात. दृष्टी चांगली असेल, डोळ्याचा दाब थेंबांनी आटोक्यात राहत असेल आणि मेंदूच्या शिरांत रक्त उलटे जात नसेल, तर तज्ज्ञ काही काळ लक्ष ठेवून थांबतात. काहींना मानेतील धमनी ठरावीक पद्धतीने दाबण्याचा व्यायाम शिकवतात. मात्र हा व्यायाम कोणाचे ऐकून घरी करू नये. वयस्कर माणसांच्या त्या धमनीत चरबीचे थर असू शकतात, आणि चुकीच्या दाबाने अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. उलट दृष्टी कमी होऊ लागली, दाब आटोक्यात येईना, डोळा इतका पुढे आला की पापणी मिटेना, किंवा मेंदूच्या शिरांत रक्त उलटे जाताना दिसले, तर थांबणे हाच मोठा धोका असतो. मावशींच्या बाबतीत यांपैकी दोन गोष्टी होत्या. म्हणून वय ६८ हे थांबण्याचे कारण नव्हते.

मी त्याला आणखी एक विचारले, "आईला विचारलंस का?" विचारले नव्हते. सकाळी त्याने विचारले. मावशी म्हणाल्या, "मला ती गिरणी बंद करायचीय. करा काय ते."

भोक बुजवण्याची कला

या उपचाराचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे. १८०९ मध्ये लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स या शल्यविशारदाने अशाच, ठोक्यांनी उडणाऱ्या आणि आवाज करणाऱ्या डोळ्याच्या एका स्त्रीच्या मानेतील धमनी धाग्याने बांधली, आणि तिचा आजार बरा झाला. पण पाइप बांधणे म्हणजे मेंदूचे पाणी तोडणे. सगळ्यांच्या नशिबी असे यश नव्हते. १९७४ मध्ये मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी कॅथेटरच्या टोकावरील सुटणारा फुगा रक्तवाहिनीतून नेऊन आत सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कवटी न उघडता भोक बुजवता येऊ लागले. पुढे १९९० च्या सुमारास इटलीत जन्मलेले डॉ. ग्विदो गुल्येल्मी यांनी प्लॅटिनमच्या केसासारख्या बारीक, गुंडाळी होऊन बसणाऱ्या तारा म्हणजे कॉइल आणल्या. आता त्यांच्या जोडीला आत गेल्यावर घट्ट होणारी द्रव औषधेही वापरतात. हे काम करणाऱ्या तज्ज्ञांना इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्ट म्हणतात. काही ठिकाणी हे प्रशिक्षण घेतलेले न्यूरोसर्जन किंवा न्यूरोलॉजिस्टही ते करतात.

मावशींना पूर्ण भूल देण्यात आली. कोठेही मोठी चीर नाही, टाके नाहीत. जांघेतील शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या मार्गे मानेतील शिरेत आणि तेथून कवटीच्या तळाशी असलेल्या एका अरुंद शिरेतून त्या कप्प्यात नेली. दुसरी नळी धमनीतून, चित्र दिसावे म्हणून. मग कप्प्याच्या ज्या भागात रक्त घुसत होते, तो भाग कॉइल घालून भरून टाकला. थोडक्यात, पाइपाला हात न लावता पाटाचा तेवढा तुकडा आतून बुजवला. सुमारे तीन तास लागले. कधी खालचा मार्ग बंद असतो. तेव्हा वरच्या पापणीजवळ लहानशी चीर देऊन डोळ्याच्या शिरेतून जावे लागते.

धोके नाहीत असे तुम्हाला कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अर्धांगवायूचा झटका, दृष्टी कमी होणे, डोळा हलवणारा मज्जातंतू दबून एकाचे दोन दिसणे वाढणे, जांघेत रक्त साकळणे, डायची ॲलर्जी, मूत्रपिंडांवर ताण हे सगळे घडू शकते. अनुभवी हातांत गंभीर गुंतागुंत फार थोड्यांना होते, पण होते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारा: हे केले तर काय बिघडू शकते, आणि नाही केले तर काय बिघडेल? दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की निर्णय सोपा होतो.

सांभाळणाऱ्यांसाठी

उपचारापूर्वी घरच्यांनी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: चालू असलेल्या सर्व गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या, पूर्वी आलेली कोणतीही ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास असल्यास त्याचे रिपोर्ट, आणि दम लागणे, सपाट झोपता न येणे अशा तक्रारी. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. उपचारानंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. वयस्कर माणूस अर्धवट गुंगीत उठू पाहतो, म्हणून उशाशी कोणीतरी जागे असावे. जांघेत सूज किंवा ओल दिसली, पाय गार पडला, बोलणे अडखळले, चेहरा किंवा हात एका बाजूला लुळा वाटला, तर त्याच क्षणी परिचारिकेला हाक मारावी.

पैशांचेही आधीच विचारावे. किती कॉइल लागतील यावर खर्च बराच बदलतो. अंदाज लेखी मागावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान योजना चालू असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. हा उपचार तेथे योजनेत बसतो का, ते भरती होण्याआधी त्यांना विचारावे. ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळते. घरातील ज्येष्ठांचे काढले नसेल तर गरज पडण्याची वाट न पाहता काढून ठेवा.

आणि हे सगळे ज्यासाठी लिहिले ती गोष्ट. साथीत आलेले डोळे बहुधा एकापाठोपाठ एक असे दोन्ही येतात, चिकटतात, पाणी-घाण येते, खाज सुटते, आणि साधारण दोन आठवड्यांत निवळतात. याउलट एकाच डोळ्यात चिपडे न येता लाली टिकून राहिली, बुबुळाच्या कडेपर्यंत वळ्यावळ्यांच्या फुगलेल्या शिरा दिसल्या, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, एकाचे दोन दिसू लागले, किंवा नाडीच्या ठेक्यात आवाज येऊ लागला, तर नेत्रतज्ज्ञांना गाठा. पूर्वीचा एखादा फोटो शेजारी धरून पाहिले की पुढे आलेला डोळा चटकन लक्षात येतो. आवाजाची परीक्षा त्या सुनेने केली तशीच करा: त्यांना बोटाने ठेका धरू द्या आणि दुसऱ्या हाताची नाडी तुम्ही पाहा. दृष्टी एकाएकी गेली, असह्य डोकेदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या, तर दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा.

नंतर

भूल उतरल्यावर मावशींनी पहिला प्रश्न सुनेला विचारला, "लाइट गेली का गं?" गावाकडे वीज गेली की गिरणी थांबते. आवाज त्याच दिवशी थांबला होता. लाली उतरायला काही आठवडे गेले. एकाचे दोन दिसणे दिवाळीपर्यंत थोडे होतेच, ते संक्रांतीला पूर्ण गेले. उजव्या डोळ्याची दृष्टी मात्र पूर्वीइतकी परत आली नाही. तक्त्यावरच्या शेवटच्या तीन ओळी त्यांना आता वाचता येत नाहीत. वाढलेला दाब डोळ्यात किती दिवस राहिला, याच्याशी त्याचा संबंध आहे. आणि त्या दिवसांतले बरेचसे माझ्या दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत गेलेले आहेत.

मी हे मावशींना सांगितले. क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार, साथच तशी होती." त्यांच्या मनाचा तो मोठेपणा, पण ते खरे नव्हे. दुसऱ्या खेपेला साथ नव्हती, समोर एक माणूस होते आणि ते मला काहीतरी सांगत होते.

त्या वर्षापासून मी दोन नियम पाळतो. पंधरा दिवसांहून जुना लाल डोळा पंखा बंद करून ऐकतो. आणि वयस्कर रुग्णाने सांगितलेली कोणतीही तक्रार, कितीही विचित्र वाटली तरी, त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहितो. मावशींच्या कागदावर "डोक्यात गिरणी" हे शब्द मी नंतर लिहून ठेवले आहेत. दर महिन्याला त्या रक्तदाब दाखवायला येतात, तेव्हा ते सर्वांत आधी माझ्या नजरेस पडतात.